‘शोले’ची जमीन, ‘आग’चे चेहरे

कर्जत सोडून पुण्याच्या दिशेने निघालेल्या गाडीला पहिले स्थानक लागते ते पळसदरी. मोठ्या गाड्या इथे थांबत नाहीत. खिडकीतल्या प्रवाशाला रेल्वेचा तलाव आणि मागची डोंगररांग दिसते न दिसते तोच स्थानक मागे पडते. पण रेल्वेच्या इतिहासात या जागेला महत्त्व आहे, कारण इथे रुळांना फाटा फुटतो. एक मार्ग केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला जातो. दुसरा जांबरुंग, ठाकूरवाडीकडून घाट चढू लागतो. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली तेव्हा तिथून पुढचा घाट लोक पालखीतून किंवा पायी चढत. बोरघाटातले रूळ १८६३ साली पुरे झाले आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले.

मी याच गावात वाढलो. माझ्या लहानपणी गावातली मोठी माणसे छातीठोकपणे सांगत, की ‘शोले’तली दरोडेखोरांनी लुटायला घेतलेली ती मालगाडी आपल्याच घाटातून गेली होती. जत्रेतल्या तंबूत मी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोंगर दिसला की शेजारचे काका कोपराने ढोसून सांगत, ‘‘हा आपला बघ.’’ पुढे वाचनाचा आणि टिपणे काढण्याचा नाद लागल्यावर, साधारण वीस वर्षांपूर्वी, एका स्थानिक स्मरणिकेत मी ही हकिकत खरी म्हणून छापून टाकली. प्रस्तुत लेखाची सुरुवात त्या चुकीच्या दुरुस्तीपासून करणे भाग आहे. ती दुरुस्ती करतानाच मला ‘शोले’ आणि त्याचा २००७ सालचा नवा अवतार ‘राम गोपाल वर्मा की आग’ यांच्यातला खरा फरक उमगला.

तारा नसलेले आभाळ

‘शोले’वर लिहिणारे बहुतेक जण लिहितात, की गाडीचा प्रसंग मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर पनवेलजवळ चित्रित झाला. आमच्याकडच्या समजुतीचे मूळ या वाक्यातच असावे. पण या वाक्यात दोन वेगळे मार्ग एकत्र झाले आहेत. १९७० च्या दशकात पनवेल मुंबई-पुणे मुख्य मार्गावर नव्हतेच. ते दिव्याहून निघालेल्या वेगळ्या मार्गावर होते, आणि तो मार्ग १९६० च्या दशकातला. कर्जत-पनवेल रूळ तर या शतकात वापरात आले. मुख्य मार्ग कल्याण, कर्जत, पळसदरी असाच घाटात चढतो.

मग गाडी नेमकी कुठली? उत्तर चित्रपटातच आहे. तो प्रसंग एकेक चौकट थांबवत पाहा. वाफेचे इंजिन आहे, बाजूने घोडेस्वार दौडत आहेत, डब्यांच्या छतांवर माणसे उभी राहून झुंजत आहेत. आणि त्यांच्या डोक्यावर मोकळे आभाळ आहे. विजेच्या तारा कुठेही नाहीत. आता आमच्या मार्गाकडे या. कल्याणपासून पुण्यापर्यंत वीज १९३० पर्यंत पोहोचली होती. त्याच वर्षी सुरू झालेली ‘दख्खनची राणी’ विजेवरच धावली. म्हणजे ‘शोले’च्या चित्रीकरणाच्या वेळी पळसदरीच्या मुख्य मार्गावर तारा लागून चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. त्या तारांखाली डब्याच्या छतावर मारामारी करणे म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा ती गाडी आमच्या घाटातली नव्हे, पनवेलकडचीच. जिल्हा मात्र आपलाच. त्या वेळी त्याला कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ पासूनचे.

हा शोध लहानसाच, आणि गावातल्या कुणालाही तो आवडला नाही. पण तारा शोधण्यासाठी मी पहिल्यांदाच नटांकडे न पाहता त्यांच्या भोवतालकडे पाहिले. मग लक्षात आले, की ‘शोले’तला अभिनय बराचसा त्या भोवतालामुळे उभा राहिला आहे.

वेस्टर्न म्हणजे काय, आणि तो इथे कसा आला

अमेरिकेतल्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांचा पाया जमीन हा आहे. कायदा अजून नीट पोहोचलेला नाही, अशी विस्तीर्ण भूमी. तिच्यावर हक्क सांगणारी वस्ती. आणि बंदुकीच्या जोरावर ती वस्ती वेठीला धरणारी टोळी. जपानच्या अकिरा कुरोसावाने १९५४ साली ‘सेव्हन सामुराई’ केला. त्याचेच अमेरिकन रूप म्हणजे १९६० चा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’. इटलीच्या सर्जिओ लिओनेने १९६८ साली ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ केला. त्यातल्या शेतकरी कुटुंबाच्या हत्येची छाया ‘शोले’तल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येवर स्पष्ट पडली आहे. आपल्याकडेही राज खोसलांचा ‘मेरा गाँव मेरा देश’ १९७१ साली येऊन गेला होता आणि त्यातल्या डाकूचे नाव जब्बर सिंग होते. तेव्हा ‘शोले’ हाही एका अर्थी पुनर्निर्मितीच, म्हणजे आजच्या भाषेत रिमेक. रिमेक झाला म्हणून चित्रपट वाईट होतो, असे म्हणायला इथे जागा नाही.

रमेश सिप्पींचे चित्रीकरण ऑक्टोबर १९७३ मध्ये बंगळूरजवळच्या रामनगरात सुरू झाले. मोठमोठ्या शिळांचा तो परिसर. तिथे रामगढ गाव वसवले कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी. छायालेखन द्वारका दिवेचा यांचे, संकलन मा. स. शिंदे यांचे. असे सांगतात, की शिंद्यांच्या हाती तीन लाख फुटांच्या आसपास फिल्म आली आणि तिच्यातून त्यांनी सव्वातीन तासांचा चित्रपट काढला. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत ‘शोले’ला एकच पारितोषिक मिळाले, ते शिंद्यांना संकलनासाठी. कालियाच्या भूमिकेतले विजू खोटे आणि अहमदच्या भूमिकेतले सचिन सर्वांच्या लक्षात राहिले. येडेकर आणि शिंदे ही नावे मात्र मराठी वाचकालाही सांगावी लागतात.

अंतरातून उभा राहिलेला अभिनय

‘शोले’ची श्रेयनामावली आठवा. स्थानकावर गाडीतून तुरुंगाधिकारी उतरतो, रामलाल घोडा घेऊन उभा असतो आणि दोघे रामगढकडे निघतात. नावे पडद्यावर येत राहतात आणि आपण खडक, झाडी, शेते ओलांडत गावात पोहोचतो. एकही महत्त्वाचा संवाद होण्याआधी दिवेचांनी आपल्याला गावाचा रस्ता दाखवून ठेवला आहे. चित्रपट ३५ मि.मी. फिल्मवर टिपून मग ७० मि.मी.वर मोठा केला होता. म्हणून प्रत्येक दृश्याची चौकट त्या रुंद पडद्याच्या हिशेबाने बांधावी लागली. रुंद चौकटीत एक चेहरा ठेवला तरी दोन्ही बाजूंना जागा उरते. त्या उरलेल्या जागेत काय ठेवायचे, हे दिवेचांना पक्के ठाऊक होते.

तीन उदाहरणे पाहू.

पहिले गब्बरच्या प्रवेशाचे. अमजद खान तेव्हा प्रेक्षकांना जवळजवळ अपरिचित. कॅमेरा आधी चेहरा दाखवत नाही. खडकावरून चालणारे बूट दिसतात, दगडावर घासत जाणारा काडतुसांचा पट्टा दिसतो, खाली मान घालून उभी असलेली माणसे दिसतात. येरझाऱ्या घालायला खडक मोठा आहे, म्हणून त्या येरझाऱ्यांना वेळ लागतो, आणि त्या वेळातच भीती साठते. अमजद खानच्या आवाजाचे कौतुक सर्वांनी केले. पण तो आवाज घुमतो याचे एक कारण असे, की त्याच्याभोवती घुमायला दरी आहे.

दुसरे ठाकूरचे. संजीवकुमारने हात नसलेल्या माणसाचे काम केले आहे, पण बराच वेळ आपल्याला ते कळत नाही. शाल खांद्यावर असते आणि तो बहुतेक वेळा थोडा दूर, ताठ उभा असतो. गावावर हल्ला होतो तेव्हा बंदूक पायाशी पडलेली असूनही तो ती उचलत नाही. पुढे वाऱ्याने शाल उडते आणि उलगडा होतो. हे गुपित टिकते ते अंतरामुळे. कॅमेरा सतत त्याच्या अंगावर गेला असता तर शाल दोन प्रसंगांतच संशयास्पद वाटली असती. हात नसल्यामुळे नटाकडे उरतो तो फक्त उभे राहण्याचा ढंग आणि मान. आणि उभे राहणे दिसायला संपूर्ण माणूस चौकटीत लागतो.

तिसरे दिव्यांचे. जय खाली पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो, वर हवेलीच्या सज्जात राधा एकेक दिवा मालवत जाते. अमिताभ बच्चन आणि जया भादुरी यांच्यात शब्द नाही, स्पर्श नाही. आहे ते अंगण. सूर्य मावळल्यावर अंधार पडण्याआधीचा जो थोडा वेळ असतो, तेवढ्याच उजेडात हे टिपायचे असे ठरले, आणि त्या एका प्रसंगापायी वीसेक संध्याकाळी खर्ची पडल्या. विधवेने पुन्हा संसाराचा विचार करावा की नाही, हा प्रश्न त्या अंगणाच्या रुंदीत मावला आहे. दोघांचे चेहरे शेजारी शेजारी आणले असते तर प्रश्नच संपला असता.

एका आठवड्यातले दोन रिमेक

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला. राम गोपाल वर्मांचा ‘आग’ ३१ ऑगस्ट २००७ रोजी. मधल्या बत्तीस वर्षांत गब्बर डब्यांवरच्या जाहिरातींपासून शाळेच्या स्नेहसंमेलनांपर्यंत सगळीकडे जाऊन आला होता. वर्मांच्या चित्रपटाचे आधीचे नाव ‘राम गोपाल वर्मा के शोले’ असे होते. सिप्पी कुटुंबीय न्यायालयात गेले आणि नाव बदलावे लागले. पुढे २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हक्कभंगाबद्दल दहा लाख रुपयांचा दंडही ठोठावला.

वर्मांनी काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. रामगढचे कालीगंज झाले, गब्बरचा बब्बन झाला, ठाकूरचा इन्स्पेक्टर नरसिंहा. जय-वीरूच्या जागी आलेले राज आणि हीरो नाशिकहून मुंबईला येतात. सांबाच्या जागी तांबे आला. टांगा हाकणाऱ्या बसंतीऐवजी रिक्षा चालवणारी घुंगरू. विधवा राधेची दुर्गा झाली आणि ती डॉक्टर आहे. बब्बन झाले अमिताभ बच्चन, नरसिंहा मोहनलाल, दुर्गा सुश्मिता सेन. छायालेखन अमित रॉय यांचे. ‘सरकार’मध्ये अंधार आणि चेहरा यांचा जो खेळ लोकांना आवडला होता, तोही त्यांचाच.

हा चित्रपट लागला तेव्हा मी मध्यंतरातच बाहेर आलो होतो, आणि नंतर कितीतरी वर्षे न पाहिलेल्या उत्तरार्धासकट त्याची टिंगल करत होतो. गेल्या वर्षी तो पुन्हा, संपूर्ण पाहिला. मत बदलले असे म्हणणार नाही. पण तो का फसला याचे माझे कारण बदलले.

चांगल्या नटांचा अभिनय अचानक वाईट होत नाही. ‘आग’मध्ये कॅमेरा चेहऱ्याला चिकटून राहतो. डोळे, ओठ, कपाळ, अर्धे अंधारात. ‘सरकार’मध्ये हे शोभले, कारण ती बंद दालनांतली, कानात बोलली जाणारी सत्तेची गोष्ट होती. इथे गोष्ट वस्तीची आहे. बच्चन पुटपुटत, आवाज खाली आणून बोलतात. तीव्रता आहे, पण तिच्यासमोर कोण उभे आहे, किती दूर उभे आहे, हे कळत नाही. गब्बरची भीती त्याच्यात नव्हती, खाली उभ्या असलेल्या माणसांत होती. ती माणसे चौकटीबाहेर गेली, की नुसता विक्षिप्त म्हातारा उरतो. ज्या नटाने बत्तिसाव्या वर्षी पायरीवर बसून, काही न बोलता, अंगणापलीकडचे सगळे पोहोचवले होते, त्यालाच चौसष्टाव्या वर्षी सगळे नाकाडोळ्यांनी करावे लागले.

दुखापतीतला बदल याहून बोलका आहे. ठाकूरचे दोन्ही हात तोडले होते. नरसिंहाची बोटे तोडली आहेत. हात नसणे लांबून दिसते, आख्ख्या गावाला दिसते. बोटे नसणे जवळ गेल्यावरच दिसते. जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्याने आपल्याला सोयीची जखम निवडली, असे मला वाटते. मोहनलालसारखा संयत नट हाती असून त्याला उभे राहायला जागा दिली नाही.

‘आग’नंतर एकाच आठवड्याने, ७ सप्टेंबर २००७ रोजी, अमेरिकेत ‘३:१० टू युमा’ हा रिमेक लागला. मूळ चित्रपट १९५७ चा, डेल्मर डेव्हज यांचा, कृष्णधवल. पकडलेल्या दरोडेखोराला तुरुंगाच्या गाडीपर्यंत पोहोचवण्याचे काम एक गांजलेला शेतकरी पैशासाठी पत्करतो, एवढीच गोष्ट. मूळ चित्रपटात शेतकऱ्यावर संकट दुष्काळाचे. नव्या चित्रपटात दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्ड यांनी दोन गोष्टी घातल्या. एक, शेतकऱ्याने युद्धात पायाचा भाग गमावला आहे. दुसरी, सावकार त्याचे पाणी अडवतो, कारण त्या जमिनीवरून रेल्वे जाणार आहे आणि जमीन विकून पैसा करायचा आहे. क्रिस्टियन बेल लंगडत चालतो, आणि छायालेखक फेडन पापामायकेल त्याला चालताना, त्याच्याच जमिनीवर, दाखवत राहतात. रसेल क्रोचा दरोडेखोर हसतमुख आणि निर्धास्त. त्याच्या सहज चालीशेजारी हे लंगडणे ठेवले, की अर्धे काम संवादाविना होते. जखम नवीन, संकट नवीन. पण माणूस आणि जमीन यांचे नाते तसेच ठेवले, किंबहुना वाढवले. म्हणून तो रिमेक टिकला.

वर्मांचे काय बरोबर होते

इथे मला ‘आग’च्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे. दरोडेखोराला डोंगरातून काढून शहराच्या कडेला आणायचा, ही वर्मांची कल्पना अचूक होती. २००७ साली घोड्यावरचा डाकू दाखवणे म्हणजे नुसती हौस झाली असती. भीती सरकून शहराच्या सीमेवर आली होती, हे त्यांनी ओळखले.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कर्जत-खालापूर पट्ट्यात ज्यांची चार गुंठे तरी जमीन आहे, त्यांना ते ठाऊक आहे. ‘आग’च्या दोनच वर्षे आधी, २००५ साली, खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाईंचा एन. डी. स्टुडिओ उभा राहिला, ‘जोधा अकबर’चे महाल तिथे उभारले गेले, आणि आमच्याकडची पोरे सेटवर सुतारकाम, रंगकाम करायला जाऊ लागली. त्याच सुमारास पाट्या वाढल्या : फार्महाउस, दुसरे घर, डोंगराचे दर्शन. सात-बाऱ्यावर कुणाचे नाव लागले आणि कुणाचे गळले, याच्या गोष्टी एसटीत दबक्या आवाजात होऊ लागल्या. इथे कुणी घोड्यावरून आले नाही. आली ती मोटार, मोजणीचे साहित्य, आणि कुंपणाचे खांब.

गेल्या वर्षी आमच्या घरामागच्या टेकडीच्या पायथ्याला तसे खांब लागले. ज्या वाटेने मी लहानपणी करवंदे काढायला जात असे, ती वाट आता दोन खांबांच्या मधे संपते. विकणाऱ्याने विकली, घेणाऱ्याने घेतली. व्यवहार रीतसर असेल. मी कुणावर आरोप करत नाही. पण त्याच आठवड्यात मी ‘आग’ पुन्हा लावला तो या खांबांमुळे. शहर येऊन टेकल्यावर वस्ती कशी दिसते, हे त्यात सापडेल असे वाटले. सापडले नाही. कालीगंज शहराच्या कुठल्या कडेला आहे, त्याच्या मागे काय आहे, तिथली वाट कुठून येते आणि कुठे अडते, हे त्या कॅमेऱ्याने मला पाहूच दिले नाही. घुंगरूची रिक्षा धावते. पण बसंतीच्या टांग्यासारखी ती कुठून कुठे गेली, हे सांगता येत नाही. जिच्यासाठी भांडण व्हावे अशी जमीनच जर चौकटीत नसेल, तर नटाने डोळे कितीही वटारले तरी भांडण कळत नाही.

न्यायालयाने ‘आग’ने ‘शोले’तून काय घेतले याचा हिशेब केला. माझ्या मते त्या चित्रपटाचे खरे नुकसान, त्याने जे घेतले नाही, त्यात झाले. नावे घेतली, प्रसंग घेतले, संवादांच्या लकबी घेतल्या. खडक, अंगण आणि वाट तेवढी घेतली नाही.

समासातली नोंद

२०२५ साली ‘शोले’ला पन्नास वर्षे झाली. जून महिन्यात इटलीतल्या बोलोन्या शहरात त्याची दुरुस्त करून नव्याने सिद्ध केलेली प्रत दाखवण्यात आली. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदललेला मूळ शेवट तिच्यात परत आला आहे, आणि ती मूळची रुंद चौकटही. शेवटाची चर्चा पुष्कळ झाली, आणखी होईल. मला त्या रुंद चौकटीचे अधिक अप्रूप आहे. टीव्हीच्या पडद्यावर ‘शोले’ पाहून वाढलेल्या पिढीने चेहरे पाहिले आणि संवाद पाठ केले. कडा कापल्या गेल्या होत्या, आणि जमीन बरीचशी त्या कडांमध्येच होती. वर्मांच्या ‘आग’नेही बहुधा तोच पाठ केलेला ‘शोले’ पुन्हा केला.

माझ्या स्मरणिकेची एकच प्रत माझ्याजवळ उरली आहे. तिच्यातल्या माझ्या लेखाच्या समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ‘ही गाडी पळसदरीच्या मार्गावरची नाही. वर तारा नाहीत, पाहावे.’ ज्यांनी मला कोपराने ढोसून डोंगर दाखवला होता, ते काका आज हयात नाहीत. असते तर मी त्यांना सांगितले असते, की डोंगर आपला नव्हता. पण डोंगराकडे बघ असे जे तुम्ही सांगितलेत, ते मात्र बरोबर होते.